जिभेखालची गोळी

थोरला घरात घुसला तेव्हा धाकटीने नुकत्याच दोन गोळ्या जिभेखाली ठेवल्या होत्या, आणि पुढची दहा मिनिटं तिला तोंड उघडता येणार नव्हतं. त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याने चपला काढल्या नाहीत, दार लोटलं नाही, सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"किती दिवस चाललंय हे?"

धाकटीने एक बोट वर केलं. जरा थांब, असं तिला म्हणायचं होतं.

"एक दिवस? एक महिना? एक वर्ष?"

तिने मान हलवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. कामाला उशीर होतोय असं ती सांगतेय, असा त्याचा समज झाला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कामाचं मला सांगू नकोस. काल व्यसनमुक्तीच्या बैठकीत एकाने भर लोकांत विचारलं, तुमची बहीण सकाळी त्या दवाखान्याच्या खिडकीपाशी काय करत होती? भर लोकांत! मी म्हटलं, छे हो, दुसरी कुणी असेल. दीड वर्ष त्या खोलीत उभं राहून सांगतोय मी, माझी बहीण माझ्यासारखीच सुटली, मनाच्या जोरावर सुटली. आणि तू? बोल ना! आता का वाचा बसली?"

धाकटी डोळे मोठे करून बघत राहिली. गाल किंचित फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. लहानपणी रुसल्यावर ती अशीच बसायची, आणि त्याला वाटलं ती आत्ताही तेच करतेय.

टेबलावर तिची कामावर न्यायची पिशवी होती. तिच्या शेजारी औषधाची दोन पाकिटं. त्याने एक उचलून नाव वाचायचा प्रयत्न केला. ब्यूप्रेनॉर्फिन. जिभेवर बसणारं नाव नव्हतं ते. तो दोन्ही पाकिटं घेऊन मोरीशी गेला, नळ सोडला आणि अंगठा दाबून चांदीच्या कागदातून एकेक गोळी पाण्यात सोडायला लागला.

तिसऱ्या गोळीला धाकटी उठली. मध्ये घुसली. त्याने तिला कोपराने बाजूला केलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर तोंडातली लाळ सांडली असती आणि तिच्याबरोबर औषधही. तिने मिटल्या तोंडाने त्याच्या पाठीत दोन्ही मुठी घातल्या, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. नाकातून एक विचित्र आवाज येत होता. थोरल्याने मागे वळून पाहिलं नाही. दहाही गोळ्या गेल्या, तेव्हाच त्याने नळ बंद केला.

 धाकटी घड्याळाकडे बघत होती. काटा जिथे यायचा तिथे आला तेव्हा तिने आवंढा गिळला, पेल्यातलं पाणी प्यायली आणि म्हणाली,

"झालं तुझं?"

त्याने ओले हात पँटला पुसले.

"पुढच्या बुधवारपर्यंतच्या होत्या. पाच दिवसांच्या. परवापासून अंग तुटायला लागेल. कसं तुटतं ते मी तुला काय सांगू?" तिने पिशवी खांद्याला लावली. "बाजूला हो, दादा. पहिली पाळी आहे माझी."

ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होती. दिवसभर चादरी वाफेच्या यंत्रातून काढायच्या, चौघडी घालायच्या, रचायच्या. चार वर्षांपूर्वी तिथेच ओल्या कपड्यांचा गाडा ओढताना तिची पाठ धरली, पाठीसाठी गोळ्या आल्या, गोळ्यांमागून इंजेक्शनं आली, आणि पाठ बरी झाली तरी इंजेक्शनं राहिली. दोन वर्षं ती त्यात होती. मग एकदम सुधारली. अंगावर मांस आलं, उसनं मागणं थांबलं, हसायला लागली. थोरल्याने तिच्याशी दर रविवारी तासतासभर बोलून तिला धीर दिला होता. त्यानेच ती सुटली, असं तो धरून चालला होता. कुणी त्याला वेगळं सांगितलं नव्हतं.

त्याचं काचा आणि आरसे कापून द्यायचं दुकान होतं. त्या सकाळी त्याने न्हाणीघराचा एक आरसा कापायला घेतला. टेबलावर जाड लोकरी कापड, त्यावर काच वर करून ठेवलेला आरसा, लाकडी पट्टी, आणि हिऱ्याच्या टोकाची कलम. या कामात एकच रेघ मारायची असते, एका दमात. कलम मध्येच थांबली की काच तिला हवी तिथे फुटते. थोरल्याची रेघ कधी थांबत नसे. त्याचा हात बघायला माणसं उभी राहत. आज ती दोनदा थांबली. दुसऱ्या वेळी त्याने कलम ठेवली, दुकानाचं शटर ओढलं आणि दवाखान्याकडे निघाला. गोळ्या मागायला नव्हे. भांडायला.

दवाखाना एका सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर होता. औषधाची खिडकी थेट फुटपाथवर उघडायची, गजांची, खाली घासून गुळगुळीत झालेला दगडी कठडा. समोर, अरुंद रस्त्याच्या पलीकडे, पाणीपुरवठ्याचं फिकट पिवळं कार्यालय. तिथे बाबांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती. पहिल्या मजल्यावरची तिसरी खिडकी त्यांची. लहानपणी थोरला त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला तिथे जायचा. आज त्याने तिकडे नुसतं पाहिलं आणि आत शिरला.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, केस आखूड, समोर कागदांचा ढीग.

"माझ्या बहिणीला इथे नशा कोण देतं?"

"मी देते," त्या म्हणाल्या. "बसा."

"बसायला नाही आलो मी."

"मग उभ्याने बोला."

तो बोलला. बहिणीचं नाव सांगितलं आणि मनातलं सगळं ओकून टाकलं. एक व्यसन सोडवायचं आणि दुसरं लावायचं, हाच तुमचा धंदा. जन्मभर खिडकीशी बांधून ठेवायचं माणसाला. मी स्वतः सोडलंय, अकरा दिवस बंद खोलीत काढून सोडलंय, एक गोळी न घेता. हे बघा, म्हणून त्याने पुढचे दोन खोटे दात दाखवले. खरे दात तेव्हा दारावर आपटून गेले होते. डॉक्टरीणबाईंनी दात पाहिले.

"बहिणीला किती वेळा भेटता?"

"दर रविवारी."

"ती झिंगलेली दिसली कधी? अडखळली? पेंगली?"

"नाही."

"दीड वर्ष ती रोज हे औषध घेतेय आणि तुम्हाला वासही आला नाही. तुमच्यासारख्या, यातून गेलेल्या माणसाला. नशा असती तर आला असता. मेंदूत जी जागा ते इंजेक्शन मागत असते, तिथे ही गोळी जाऊन बसते. मागणं थांबतं, आणि माणूस कामाला जातो. एवढंच करते ती."

"आता नाही करणार. सगळ्या मोरीत टाकल्या मी."

डॉक्टरीणबाई उठल्या. खुर्ची मागे भिंतीला लागली.

"किती?"

"दहा."

"तिला विचारलंत?"

"ती बोलतच नव्हती."

"बोलणार कशी! गोळी होती ना तोंडात!" त्यांचा आवाज एकदम चढला आणि बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली. "किती शूर हो तुम्ही. तोंड उघडता येत नसलेल्या बाईशी भांडून आलात. तुमची ती गुरुवारची बैठक मला चांगली माहीत आहे. मागच्या वर्षी माझे दोन पेशंट तिच्या नादाने औषध सोडून गेले. टाळ्या वाजवल्यात म्हणे तुम्ही. दीड महिन्याने दोघांनी परत सुरू केलं. अंगाची सवय मोडलेली, आणि घेतलं मात्र जुन्या मापाने. त्यातला एक परत आला इथे."

दुसऱ्याचं काय झालं ते थोरल्याला विचारायची गरज नव्हती. चष्मेवाला, लाजरा, सायकली दुरुस्त करणारा मुलगा. त्याला शेवटचं पोहोचवायला थोरला गेला होता, आणि तिथून परतताना चारचौघांत म्हणाला होता, मनाने कच्चा होता बिचारा.

तो बसला. आता कुणी बसा म्हटलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कंपाउंडरला हाक मारली. म्हातारा, पाठीत वाकलेला माणूस जाड वही घेऊन आला. नियम असा होता की गोळ्या हरवल्या तर घरी न्यायला पुन्हा मिळत नाहीत. आता महिनाभर तिने रोज सकाळी खिडकीशी यायचं, डोळ्यांसमोर गोळी घ्यायची आणि मग जायचं. सोबत घरचं एक माणूस पाहिजे. गोळ्या कशा गेल्या ते त्याने स्वतःच्या हाताने लिहून सही करायची.

थोरल्याने लिहिलं. 'मी टाकल्या.' आणखी काय लिहायचं ते सुचेना.

"सोबतीला वडील येतील तिचे," कंपाउंडर वही ओढून घेत म्हणाला. "त्यांचं काय, ते गुरुवारी साडेसहालाच येऊन रांग धरतात. आता रोज धरतील."

"कुणाचे वडील?"

"तुमचेच की. मुलगी बुधवारची रात्रपाळी संपवून धावत येते, तोवर तिची जागा जायला नको म्हणून उभे असतात बिचारे. मागे एकदा चक्कर आली, तेव्हा आत बसवलं मी त्यांना, पाणी दिलं. रडले हो. म्हणाले, थोरल्याच्या वेळी एकदा आलो होतो इथवर. डॉक्टरांनी लिहूनही दिलं होतं. पण घेतलं नाही."

"पुरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कंपाउंडर गप्प झाला. पण आता गप्प होऊन उपयोग नव्हता.

"कधी?" थोरल्याने विचारलं. "चौदा वर्षांपूर्वी हे औषध होतं?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मघाचा राग त्यांच्या चेहऱ्यावर उरला नव्हता, आणि तो नसणं थोरल्याला जास्त झोंबलं.

"होतं," त्या म्हणाल्या. "याच खिडकीवर."

आई गेल्यापासून बाबा दोन खोल्यांच्या घरात एकटे राहत. थोरला पोहोचला तेव्हा ते ओट्याशी उभे राहून पाण्याचं फिल्टर उघडून घासत होते. नोकरी सुटून नऊ वर्षं झाली तरी पाण्याची काळजी सुटली नव्हती. थोरल्याला भर दुपारी दारात बघून त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"धाकटीचा फोन आला होता," ते म्हणाले. "टाकल्यास म्हणे."

"माझ्या वेळी तुम्ही दवाखान्यात गेला होतात?"

बाबांनी नळ बंद केला. हात पुसले, बोटांच्या मधून, सावकाश, जसं काही ते एक मोठं काम होतं.

"कोण म्हणालं?"

"गेला होतात की नाही?"

"गेलो होतो."

"कधी?"

"तुला पहिल्यांदा कोंडलं, सात दिवस, आणि तू बाहेर पडून चौथ्या दिवशी परत घेऊन आलास. तेव्हा."

बैठकीतल्या लोकांना अकरा दिवस ठाऊक होते. त्याआधीचे सात आणि मधले नऊ थोरला कधी सांगत नसे. अकरा दिवसांना टाळ्या पडत. पहिल्या कोंडण्यानंतर त्याची बायको घरातच होती, मुलगी तीन वर्षांची होती. दुसऱ्या कोंडण्यात मुलीने ते ओरडणं ऐकलं, आणि तो बाहेर आला तेव्हा दोघी गेलेल्या होत्या. मुलगी आता सतरा वर्षांची होती. वर्षातून एकदा, त्याच्या वाढदिवसाला, तिचा मेसेज यायचा.

"म्हणजे ती जायच्या आधी," थोरला म्हणाला.

"हो."

"लिहून दिलं होतं डॉक्टरने."

"हो."

"मग?"

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, शेजारच्या इमारतीची भिंत होती.

"ती खिडकी रस्त्यावर आहे," ते म्हणाले. "समोर ऑफिस. साडेदहाची वेळ, सगळे यायचे. साहेब यायचे. मी रांगेत तिसरा होतो. वर पाहिलं तर आमच्या खिडकीत दोघंजण चहा पीत उभे."

"मग?"

"मग काय. चिठ्ठी खिशात घातली. रस्ता ओलांडून कामावर गेलो."

थोरल्याला आधी हसू आलं. खरंच आलं, तोंड वाकडं करून. इतकी वर्षं त्याने त्या कोंडण्याची मनाशी किती कारणं मानली होती. बाबा कडक आहेत. बाबांचा इच्छाशक्तीवर विश्वास आहे. बाबांनी मला माणूस केलं. बैठकीत तो बाबांचं नाव घेत असे.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"ती त्या दाराबाहेर बसून असायची. अकराही दिवस. दारावर डोकं टेकून माझ्याशी बोलायची. आणखी थोडं सोस रे, दुसरा उपाय नाही, म्हणायची. दुसरा उपाय नाही!" त्याने ओट्यावर मूठ आपटली, फिल्टरचे भाग उडाले, एक खाली पडून घरंगळत गेला. "आणि उपाय तुमच्या शर्टाच्या खिशात होता! दोन माणसं चहा पीत होती म्हणून! माझं घर गेलं, बाबा. दोन माणसं चहा पीत होती म्हणून?"

"मला वाटलं, घरच्या घरी होईल," बाबा म्हणाले. "आणि झालं. तू सुटलास. मग सांगून काय उपयोग होता?"

"झालं!"

"लोक तुझं नाव घ्यायला लागले. तू सांगायचास, अकरा दिवस. मी ऐकायचो. कोणत्या तोंडाने सांगणार होतो की ते सोसायची गरजच नव्हती?"

 थोरल्याचा राग जास्तच भडकला, आणि कुठे ठेवू तो असं झालं. त्याला वाटलं या म्हाताऱ्याच्या खांद्याला धरून गदगदा हलवावं. बाबांना ते दिसलं असावं. ते मागे सरले नाहीत. उलट अर्धं पाऊल पुढे आले, हात खाली सोडून.

थोरला वळला आणि पडलेला फिल्टरचा भाग शोधायला लागला. तो शेगडीखाली गेला होता. गुडघ्यांवर बसून त्याने तो काढला, फुंकर मारली, ओट्यावर ठेवला.

"उद्यापासून तुम्ही रांगेत यायचं नाही," तो उठता उठता म्हणाला.

"अरे, तिची जागा..."

"मी उभा राहीन."

"मला राहू दे रे. तेवढंच तर करतोय मी."

"आता? आता समोर ओळखीचं कुणी नाही म्हणून?"

बाबांचा चेहरा असा झाला की थोरल्याला आपलं वाक्य परत घ्यावंसं वाटलं. त्याने ते परत घेतलं नाही. दार ओढून घेऊन तो जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला तो खिडकीशी होता. त्याच्याआधी चारजण होते. एक पोस्टमन गणवेशात, एक बाई पिशवीतून भाजी डोकावणारी, दोघं तरुण आपसांत क्रिकेटवर वाद घालणारे. कुणीही मरायला टेकलेलं दिसत नव्हतं. कुठल्याही रांगेत असतात तशी माणसं. थोरल्याने रात्रभर रागावून झोप घालवली होती आणि राग अजून शिल्लक होता. तो कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं. बाबांवर काढला की सायकलवाला मुलगा आठवत होता, आणि स्वतःवर काढला की आईचा दाराबाहेरचा आवाज.

सात वाजता त्याच्यामागे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. साठीच्या आतबाहेरचे, इस्त्रीचा शर्ट, नाकातोंडाला रुमाल. धूळ नव्हती. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तीनदा रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं.

"इथे फार वेळ लागतो का हो?"

"खिडकी आठला उघडते."

"असं." थोडं थांबून ते म्हणाले, "मुलासाठी आलोय. घरी आहे तो. डॉक्टर म्हणाल्या, आज फक्त नाव घालून जा." मग आवाज आणखी खाली आणून, "तुम्ही घेता का हे औषध? गुण येतो का?"

चौदा वर्षं थोरल्याकडे या प्रश्नाला एक तयार उत्तर होतं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलंही. पोस्टमनने वळून पाहिलं. पुढची बाईही ऐकत होती.

"येतो," थोरला म्हणाला. "गुण येतो."

गृहस्थांनी मान हलवली. मग रस्त्यापलीकडे कुणीतरी स्कूटर लावली, आणि ते एकदम कठड्याकडे तोंड करून उभे राहिले. स्कूटरवाला गेल्यावर हळूच वळले.

"मी काय म्हणतो, जरा जाऊन येतो मी. पाच मिनिटांत. माझा नंबर धरून ठेवाल का तेवढा?"

"नाही."

"अहो, पाचच मिनिटं."

"नाही म्हटलं ना!" थोरल्याचा आवाज इतका चढला की क्रिकेटवाले गप्प झाले. त्याने गृहस्थांच्या शर्टाची बाही मनगटाजवळ पकडली होती. ती कधी पकडली, त्याला कळलं नव्हतं. इस्त्री चुरगळली होती. "कुठेही जायचं नाही. या, माझ्या पुढे उभे राहा."